लाल बावट्याचे सोंगाडे

दरवर्षी १ ऑगस्टला आमच्या शाळेत एकाच टेबलावर दोन फोटो ठेवतात. एक लोकमान्य टिळकांचा, दुसरा अण्णाभाऊ साठेंचा. १९२० साली याच दिवशी मुंबईत टिळक गेले आणि याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाला मी अण्णाभाऊंवर भाषण लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं, की अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. पाठ करता करता पोरगा थांबला. म्हणाला, “सर, ये शेख कौन थे? अपनेवाले?”

मी ‘हो’ म्हणालो खरा, पण पुढं सांगायला माझ्याकडे फार काही नव्हतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूच्या तासाला कैफी आझमींचं नाव निघालं, की मदनपुऱ्यातल्या गिरणी कामगारांत त्यांनी केलेलं काम मी रंगवून सांगतो. त्याच मुंबईत, त्याच काळात, त्याच पक्षाचा एक शेख मराठीत गात होता, हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख, थोडा त्या पोरासाठी आणि बराचसा माझ्यासाठी.

अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबी. तिच्या तोंडी ओव्या आणि गाणी असत. मराठी गाणं लेकाला मिळालं ते तिच्याकडून. घरची गरिबी. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत कामाला लागले, बार्शीच्या संपात उतरले आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. पुढं कोल्हापूरला सिनेमाच्या दुनियेत काही दिवस काढले. तिथं ‘अमर’ हे नाव चिकटलं. ‘अमर’ संस्कृत, ‘शेख’ अरबी. दोन भाषांच्या मास्तरला याहून चांगलं नाव कुठं सापडायचं?

अण्णाभाऊंची वाट वेगळी होती. मांग समाजात जन्म, शाळा जवळपास नाहीच. बापाबरोबर पायी चालत मुंबई गाठली आणि मिळेल ते काम केलं. नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशात उभे राहिले, त्यामुळे वग कसा बांधायचा, हशा कुठं येतो, हे त्यांना हाडापासून ठाऊक होतं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी सुरुवातीलाच गाणं रचलं ते तिथल्या मच्छरांवर, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. क्रांतीचा शाहीर सुरू कुठून झाला, तर डासांपासून!

१९४४ मध्ये हे दोघं आणि गवाणकर एकत्र आले. दुसरं महायुद्ध चालू होतं. बंगालात दुष्काळानं माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती, इकडे काळाबाजार तेजीत होता. मुंबईत १९४३ साली ‘इप्टा’ स्थापन झाली होती आणि देशभर पोवाडा, नौटंकी, जात्रा असे लोकांचे खेळ नव्या विषयांसाठी वापरले जात होते. महाराष्ट्रात हाताशी काय होतं? तमाशा.

इथं आपल्या घरातली गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे ‘तमाशा’ हा शब्द फक्त रागावतानाच निघायचा. “तमाशा मत करो” म्हणजे चारचौघांत अब्रू घालवू नका. खुद्द शब्द मात्र अरबी-फारसीतून आलेला. ‘शाहीर’ म्हणजे आपला शाइर, ‘डफ’सुद्धा तिकडचाच. पेशवाईच्या शेवटच्या काळातले नामांकित लावणीकार सगनभाऊ हे जेजुरीचे मुसलमान, शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. अमर शेख डफ घेऊन उभे राहिले ते काही परक्याच्या अंगणात नव्हे.

जुन्या तमाशात आधी गणपतीचा गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत कृष्ण आणि त्याचे सोबती गोपींना अडवतात, आणि मावशीचं सोंग घेतलेला पुरुष लोकांना लोळवतो. लाल बावट्यानं गणात गणपतीच्या जागी मातीला, कष्टकऱ्याला आणि हुतात्म्यांना वंदन घातलं. गवळण काढून टाकली. सोंगाड्या मात्र ठेवला, आणि मला वाटतं सगळी ताकद तिथंच होती.

सोंगाड्याला वेड पांघरायची मुभा असते. तो राजाला काहीही विचारू शकतो, कारण त्याला अक्कल नाही असं सगळ्यांनी धरलेलंच असतं. अण्णाभाऊंनी राजाला खाली उतरवलं आणि त्याच्या जागी शेठजी, सावकार, पुढारी आणि मंत्री आणून बसवले. वगांची नावंच बघा: ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेठजींचे इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. नाव ऐकूनच माणूस हसतो, आणि हसल्यावर त्याला आपल्या गावातला घोटाळे आठवतो. भाषणानं हे होत नाही. भाषण ऐकणाऱ्याला आपण अडाणी आहोत असं वाटू शकतं. वगात अडाणी दिसतो तो शेठजी.

अण्णाभाऊ लिहीत, आणि अमर शेख गात. त्यांचा आवाज पहाडी. मैदानात हजारो माणसं बसलेली असली तरी शेवटच्या माणसापर्यंत तो जायचा.

सरकारला हे हसू मानवलं नाही. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आली. लाल बावट्याच्या खेळांत ना लावणीचा शृंगार होता ना गवळण, तरी बंदी त्यांच्यावरही आली. तेव्हा दुखणं अश्लीलतेचं नव्हतं, हे उघड आहे. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, कार्यकर्ते भूमिगत झाले. याच ओढाताणीत ‘तमाशा’ हा शब्द मागं पडून ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झालं. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात नव्हताच. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. मोरारजींचा हुकूम इथं चालत नव्हता.

पथक फार वर्षं एकसंध राहिलं नाही. वाटा वेगळ्या झाल्या. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. अमर शेख गात राहिले. पण संयुक्त महाराष्ट्राची हाक आली तेव्हा तिघंही पुन्हा लोकांपुढं उभे होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड त्याच लढ्यातली. १ मे १९६० ला राज्य झालं. ते गाऊन गाऊन मागणाऱ्यांत एक मेहबूब हुसेन होता, ही गोष्ट महाराष्ट्र दिनी आपल्या पोरांना कोणी सांगायची? ती आपण सांगितली नाही, तर दुसऱ्यानं सांगावी असा हट्ट कसा धरायचा?

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अपघातात अमर शेख गेले. आज अण्णाभाऊंची जयंती गावोगाव होते, आणि व्हायलाच हवी. त्यांच्या समाजानं ती जिद्दीनं जपली. २० ऑक्टोबर मात्र आपल्या मोहल्ल्यांतून गुपचूप निघून जातो. ते कम्युनिस्ट होते म्हणून कोणी अंग चोरतं, गाणंबजावणं होतं म्हणून कोणी. दुसरीकडे त्यांना फक्त ‘आपलेवाले’ करून घरात आणणं, हाही त्यांच्यावर अन्यायच. शेख मेहबूब एकटा मोठा झाला नाही. मांगवाड्यातून आलेल्या अण्णाभाऊंचे शब्द आणि बार्शीच्या मुनेरबीच्या लेकाचा आवाज एकाच डफावर आले, तेव्हा ते पथक झालं.

त्या पोराला मी हे सगळं तीन दिवसांत, मधल्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्यानं भाषणात स्वतःचं एक वाक्य घातलं, थोडं अशुद्ध होतं, मी तसंच राहू दिलं. येत्या २० ऑक्टोबरला वर्गात छोटा वग करायचा ठरलंय. विषय पोरांनीच निवडलाय: शाळा तपासायला आलेला साहेब. सोंगाड्या कोण होणार यावरून सध्या भांडणं चालू आहेत.