दाखल-खारीज पुस्तकातील जातीचा रकाना : वऱ्हाडातील एका नोंदीचा इतिहास

वऱ्हाडातील, म्हणजे विशेषतः आजच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील, प्राथमिक शाळांत मुलाचे नाव घालताना ज्या पुस्तकात पहिली ओळ लिहिली जाते त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत कधी आले आणि शाळेतून कधी गेले, एवढे कळावे हा या पुस्तकाचा मूळ उपयोग होता. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा, इयत्ता आणि शाळा सोडण्याचे कारण या रकान्यांच्या जोडीला त्यात जातीचाही एक रकाना असे. हा रकाना कोणाचा हक्क ठरविण्यासाठी आखलेला नव्हता. तरीही गेल्या साठ-सत्तर वर्षांत शिष्यवृत्ती, महाविद्यालयीन प्रवेश, सरकारी नोकरी आणि निवडणुकीची उमेदवारी यांचे भवितव्य त्यातील एखाद्या शब्दावर ठरत आले आहे.

1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने तो चालू लागला, त्यात पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोला होते. नव्या सरकारला मोजणीचे मोठे वेड होते. भारतभर पहिली जनगणना होण्याच्या काही वर्षे आधीच, 1867 मध्ये, वऱ्हाडची स्वतंत्र शिरगणती झाली, तिच्या आधारे आल्फ्रेड लायल यांनी 1870 मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर प्रसिद्ध केले आणि त्यात येथील जातींना एक प्रकरण दिले. 1881च्या वऱ्हाड जनगणनेचा अहवाल लिहिणारे युस्टेस किट्स यांनी पुढे 1885 मध्ये साऱ्या हिंदुस्थानातील जातीजमातींची एक जंत्रीच छापली. लोकांना कप्प्यांत बसविण्याची ही सवय शिक्षणखात्यातही आली. खात्याच्या वार्षिक अहवालांत विद्यार्थ्यांची ‘वंश किंवा पंथ’ यांनुसार विभागणी दाखविणारा एक ठरलेला तक्ता असे, ज्यात युरोपियन व युरेशियन, देशी ख्रिस्ती, ब्राह्मण हिंदू, ब्राह्मणेतर हिंदू, मुसलमान आणि इतर अशी घरे होती. गावच्या शाळेतील जातीचा रकाना अशा तक्त्यांना कच्चा माल पुरवीत असे. मात्र वरच्या तक्त्यात सारे शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मिळून ‘ब्राह्मणेतर’ या एकाच घरात मावत, तर खालच्या पुस्तकात कुणबी, माळी, तेली, बारी, भोई, महार अशी एकेक जात वेगळी लिहिली जाई. सरकारला नको असलेला तपशील गुरुजींच्या हातून टिकला, हा पुढच्या काळाच्या दृष्टीने एक योगायोगच म्हणावा लागेल.

हा तपशील लिहिला जाण्याची रीत फार सैल होती. बाप किंवा चुलता मुलाला घेऊन येई, तोंडी जे सांगेल ते हेडमास्तर लिहून घेत आणि जे सांगितले जात नसे ते अंदाजाने भरीत. जुन्या नोंदींत असंख्य मुलांचा जन्म एकाच 1 जुलैला झालेला दिसतो, तो याच अंदाजाचा परिणाम होय. जातीच्या बाबतीतही कधी पोटजात लिहिली जाई, कधी धंदा, कधी आडनाव आणि कधी केवळ ‘हिंदू’. एकाच घरातील थोरल्यापुढे ‘तिरोळे कुणबी’ आणि धाकट्यापुढे नुसते ‘कु.’ असू शके, कारण दोन वर्षांनी मास्तर बदललेले असत. बऱ्याच नोंदी मोडी लिपीत, म्हणजे जलद लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या जोडून लिहिण्याच्या मराठी लिपीत, असल्यामुळे आज त्या वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. शाळेच्या पुस्तकाला समांतर असे दुसरे साधन म्हणजे गावच्या कोतवालाकडील जन्ममृत्यूची नोंदवही, जिला या भागात कोतवाल बुक म्हणतात. शाळेत कधीच न गेलेल्यांची नावेही तिच्यात सापडतात, म्हणून तिचे मोल अधिक आहे.

1920 नंतर शाळांचा कारभार जिल्हा कौन्सिलांकडे गेला आणि या इतिहासात डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव येते. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे 1898 मध्ये जन्मलेल्या पंजाबरावांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. 1927च्या सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला तेव्हा ते त्या बाजूने उभे राहिले, आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे व प्राथमिक शिक्षणाचा प्रसार करणे हे दोन विषय त्यांनी हाती घेतले. पुढे ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली. शेतकरी समाजाने आपली नोंद कुणबी अशीच करावी, असा त्यांचा आग्रह होता असे वऱ्हाडात सर्वत्र सांगितले जाते. या आग्रहाचे श्रेय एका व्यक्तीस किती द्यावे यावर वाद होऊ शकतो. कारण एकोणिसाव्या शतकातील शिरगणतीतही वऱ्हाडच्या लोकसंख्येचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग कुणबी म्हणूनच नोंदला गेला होता, म्हणजे रकान्यातील शब्द पंजाबरावांच्या आधीपासून रुळलेला होता. परंतु शेतीवर जगणाऱ्या समाजाला त्या शब्दाची लाज वाटू नये एवढे काम त्यांच्या पिढीने निश्चित केले, आणि 13 ऑक्टोबर 1967 रोजी महाराष्ट्र शासनाने इतर मागासवर्गीयांची यादी काढली तेव्हा त्याचे फळ मिळाले. यादीत कुणबी होते, मराठा नव्हते. मराठवाड्यात मराठा समाजाच्या निजामी राजवटीतील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमावी लागली, तर वऱ्हाडातील बहुसंख्य शेतकरी घरांत तोच शब्द शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेला होता. एकाच राज्यातील दोन शेजारी प्रदेशांची सामाजिक स्थिती इतकी वेगळी ठरण्यामागे नांगरापेक्षा लेखणीचा वाटा मोठा आहे.

नोंदीला पुराव्याचा दर्जा मिळाला तो राज्यघटनेनंतर. अनुसूचित जातींच्या यादीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 हे मानीव दिनांक मानले जातात, म्हणजे त्या दिवसापूर्वी अर्जदाराचे घराणे त्या जातीचे व या राज्यातील होते हे दाखवावे लागते. त्या काळचा कागद सामान्य घरात दुसरा कोणता असणार? म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला शोधणे हा अनेक कुटुंबांचा उद्योग झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये कुमारी माधुरी पाटील यांच्या प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. त्या प्रकरणात अर्जदारांचा दावा महादेव कोळी जमातीचा होता आणि वडिलांच्या शाळेच्या नोंदीत ‘हिंदू कोळी’ असे लिहिलेले होते. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याने, जो 2001 मध्ये अमलात आला, ही पद्धत पक्की केली आणि त्याच्या कलम 8 ने पुराव्याचा भार पूर्णपणे अर्जदारावर टाकला. 2011 मधील आनंद काटोले प्रकरणात स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

आदिवासींच्या बाबतीत वऱ्हाडात आणखी एक गुंता होता. सुरुवातीच्या यादीत अनेक जमातींना अमरावती जिल्ह्यात केवळ मेळघाट तालुक्यापुरतीच मान्यता होती. हे क्षेत्रबंधन 1976च्या दुरुस्ती कायद्याने निघाले. तोवर मेळघाटच्या डोंगरातील गोंड कुटुंब अनुसूचित आणि त्याच कुळातील अकोल्याच्या सपाटीवरचे कुटुंब अनुसूचित नाही, अशी स्थिती होती. जेथे लाभ मिळण्याची शक्यताच नव्हती तेथे बापाने सांगितलेली जमात खरी असण्याचा संभव जास्त, हे साधे तर्कशास्त्र पडताळणीत पुरेसे वापरले गेले नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या बौद्ध धर्मांतरानंतर वऱ्हाडातील महार कुटुंबांपुढे हाच रकाना निराळ्या तऱ्हेने उभा राहिला. बापाने मुलापुढे ‘बौद्ध’ लिहावयास सांगितले तर तो श्रद्धेशी प्रामाणिक राहत असे, पण केंद्राच्या यादीतील अनुसूचित जातीचा लाभ त्याच्या मुलाच्या हातून जात असे, कारण अनुसूचित जातींच्या 1950च्या आदेशानुसार ती सवलत बौद्धांना लागू नव्हती. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या. केंद्राने आपल्या आदेशात तशी दुरुस्ती 1990 मध्ये केली. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत एका भावापुढे ‘महार’ आणि दुसऱ्यापुढे ‘बौद्ध’ अशा नोंदी अनेक घरांत झाल्या, आणि त्यांतील कोणतीही खोटी म्हणता येत नाही.

शाळेने असा प्रश्न विचारण्याची रीत इतर देशांतही आहे. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने 2007 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार तेथील शाळा पालकांना आधी मूल हिस्पॅनिक आहे काय आणि मग त्याचा वंश कोणता, असे दोन प्रश्न विचारतात, आणि पालकांनी उत्तर नाकारले तर शाळेचे कर्मचारी मुलाकडे पाहून ते घर भरतात. तेथील उत्तर मुख्यतः आकडेवारीसाठी जाते. वऱ्हाडात मात्र मुलाच्या नातवापर्यंत त्या उत्तराचा हिशेब पोचतो. येथील गुरुजीही पाहून आणि ऐकून लिहीत होते, फरक इतकाच की त्यांच्या लेखणीला पुढे साक्षीदार केले गेले.

या पुराव्याची सर्वांत मोठी उणीव अशी की तो शाळेत गेलेल्यांचाच आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतात त्यांचे दावे निदान त्यांवर तपासता येतात. अमरावती लोकसभा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव असून, तेथून निवडून आलेल्या नवनीत राणा यांचे ‘मोची’ जातीचे प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 4 एप्रिल 2024 रोजी तो निर्णय फिरविला. त्या वादातही पूर्वजांच्या शिक्षणसंस्थांतील कागद तपासले गेले. ज्यांच्या घरी असा कागदच नाही त्यांची गोष्ट वेगळी. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांच्या हजेरीत वाढलेल्या फासेपारध्यांचे आजोबा पोलिसांच्या पुस्तकात सापडतात, शाळेच्या पुस्तकात क्वचितच, आणि मेळघाटातील कोरकू आदिवासींच्या दुर्गम पाड्यांत शाळाच उशिरा पोचली. त्यांच्याकडून 1950 पूर्वीची नोंद मागणे म्हणजे त्यांना शाळेबाहेर ठेवल्याबद्दल त्यांच्यावरच दुसऱ्यांदा दंड बसविणे होय.

जिल्हा कौन्सिल, जनपद सभा आणि 1962 नंतर जिल्हा परिषद अशा हातांतून आलेली ही जुनी पुस्तके शाळांच्या कपाटांत वाळवी व ओल सहन करीत पडून राहू देणे यापुढे परवडणारे नाही. अमरावती आणि अकोला येथील जिल्हा परिषदांनी ती जिल्हा अभिलेखागारात आणून त्यांच्या प्रती काढाव्यात, मोडी नोंदी वाचून घ्याव्यात, आणि पडताळणी समित्यांनी ज्या समाजांत शाळा उशिरा आली तेथे कोतवाल बुक व इतर महसुली कागदांना शाळेच्या नोंदीइतकेच वजन द्यावे.