बंदर नसलेल्या किनाऱ्यावरचं शहर

मुंबई वाढली ती तिच्या बंदरामुळे, हे आपण शाळेपासून ऐकतो. बेटांच्या आडोशाला खोल आणि शांत पाणी होतं. शांघायला यांगत्से नदीच्या मुखाजवळची जागा मिळाली, म्हणून चीनच्या आतला माल पाण्यावरूनच खाली येत राहिला. चेन्नईकडे यातलं काहीच नव्हतं. सरळसोट वाळूचा किनारा, खाडी नाही, आडोसा नाही. कूवम आणि अड्यार या नद्या लहान, त्यांची मुखंही वाळूने बुजणारी. मग एवढं मोठं बंदर इथंच का झालं?

उत्तर आहे कापड. २२ ऑगस्ट १६३९ ही मद्रासची जन्मतारीख मानतात. फ्रान्सिस डे या कंपनीच्या माणसाने दामर्ला वेंकटाद्री नायकाकडून इथली जागा मिळवली. या भागात सुती कापड स्वस्त मिळत होतं, ते पुरेसं होतं. पुढे १७३४ मध्ये कंपनीने विणकर आणि सूत कातणारे यांच्यासाठी चिंताद्रिपेट ही वेगळी वस्तीच वसवली. आपल्या इतिहासातही मद्रास डोकावतं. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी इथल्या इंग्रजांकडून विषावरचे उतारे मागवल्याची नोंद कंपनीच्या दप्तरात आहे.

पण माल चढवायचा कसा? जहाजं किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत. मधे फुटणाऱ्या लाटांच्या रांगा. युरोपीय होडी तिथे आपटून फुटायची. चालायची ती फक्त मसुला, म्हणजे फळ्या काथ्याने शिवलेली होडी. तिच्यात खिळा नसे, त्यामुळे लाटेचा मार बसला की ती लवचायची, पण तुटायची नाही. सोबत असे कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ इथूनच गेला. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ या शहराचा सगळा सागरी व्यापार इथल्या नावाड्यांच्या हातावर चालला. गव्हर्नरसाहेबसुद्धा त्यांच्याच भरवशावर किनाऱ्याला लागत.

१८६१ मध्ये लोखंडी धक्का झाला. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते खऱ्या बंदराचा दगड बसला. समुद्रात दोन भिंती काढून मधलं पाणी शांत करायचं, अशी योजना होती. काम होत आलं आणि नोव्हेंबर १८८१ च्या वादळाने त्या भिंती मोडल्या. पुन्हा बांधल्या. पूर्वेकडचं तोंड गैरसोयीचं ठरलं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या काळात ते ईशान्येकडे वळवलं. १९८३ मध्ये देशातलं पहिलं खास कंटेनर टर्मिनल इथंच सुरू झालं. बंदर जिंकलं, असं म्हणता येईल.

मात्र वाळूने आपला हिशेब ठेवला. या किनाऱ्यावर लाटा वर्षभरात जेवढी वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे नेतात, त्याहून कितीतरी जास्त दक्षिणेकडून उत्तरेकडे नेतात. मधे बंदराची भिंत आली तसा हा प्रवास अडला. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि किनारा रुंदावला. तोच आजचा मरीना. १८८० च्या दशकात गव्हर्नर ग्रँट डफ यांनी तिथे फिरायचा रस्ता केला. आपण पर्यटक म्हणून ज्या वाळूवर चालतो, ती बरीचशी बंदराचीच देणगी आहे.

आणि उत्तरेला? जी वाळू मरीनाला मिळाली ती रायपुरमला, तोंडियारपेटला, तिरुवोट्टियूरला पोहोचलीच नाही. समुद्र मात्र तिथली वाळू नेत राहिला. ज्या रायपुरमहून १८५६ मध्ये दक्षिण भारतातली पहिली रेल्वे सुटली, त्याच भागातल्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर आज दगडांचे ढीग रचलेले दिसतात. आपल्या कोकणात त्यांना धूपप्रतिबंधक बंधारे म्हणतात. पण कट्टुमरम ओढून ठेवायला वाळू लागते, जाळी वाळवायला वाळू लागते. बंधारा घर वाचवतो, पुळण परत आणत नाही. शिवाय एका ठिकाणी बंधारा घातला की धूप पुढच्या गावाकडे सरकते.

कोळशाच्या धुळीमुळे न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये चेन्नई बंदरातला कोळसा एन्नोरला हलवला गेला. एन्नोरचं बंदर २००१ पासून सुरू आहे, त्याच्या उत्तरेला कट्टुपल्ली झालं. म्हणजे समुद्रात नव्या भिंती आल्या, आणि त्यांच्या उत्तरेला पुलिकत सरोवराच्या काठची मासेमारी गावं आहेत. दीडशे वर्षांपूर्वीचाच हिशेब तिथे पुन्हा मांडला जातो आहे.

इतिहासात आपण बंदर कोणी बांधलं, किती माल आला, हे विचारतो. त्यासोबत वाळू कुणाकडून कुणाकडे गेली, हेही विचारायला हवं. आपल्या किनाऱ्यावरही नवी बंदरं येत आहेत. हा प्रश्न भिंत उभी राहण्याआधी विचारला, तरच त्याचा उपयोग.