कंपनी फिटेड आणि मिस्तरी फिटेड

जुनी गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी, की बाजारातले पार्ट लावून सोयीप्रमाणे बदलावी, हा वाद आपल्या इंदूरला नवा नाही. हल्लीची मुले अलॉय व्हील आणि फाडफाड वाजणाऱ्या सायलेन्सरवरून भांडतात. आमच्या वेळी भांडण थेट इंजिनावरून व्हायचे. मी काही मोटारींतला जाणकार नव्हे, कॉमर्सचा माणूस. पण बँकेत बरीच वर्षे वाहनकर्जाचे टेबल सांभाळले, त्यामुळे गाडी बॉनेट उघडून कमी आणि आरसी बुक उघडून जास्त पाहिली.

सुरुवात महाराजांपासून करावी लागेल. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग एसजे जगभरच्या मोटारवेड्यांना ठाऊक आहे. पण आज ज्याला आपण ‘कंपनी फिटेड’ म्हणतो, तशी ती गाडी कधी नव्हतीच! अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग कंपनी विकायची फक्त चेसिस आणि इंजिन. मूळ ‘जे’ मॉडेल बाजारात आले तेव्हा नुसत्या चेसिसलाच साडेआठ हजार डॉलर पडत. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायची. महाराजांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून करवून घेतली, नारिंगी आणि काळ्या रंगात. हे १९३५-३६ सालचे. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्गचा कारभारच आटोपला. गाडी पुढे परदेशी गेली. आता अशा गाडीचा भाव ठरतो तो इंजिन तेच आहे का, बॉडी तीच आहे का यावर. म्हणजे तिथे ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ कंपनीने दिली तशी असा नाही, पहिल्या मालकाने करवून घेतली तशी असा आहे.

तुमच्या-आमच्या वाट्याला मात्र दोनच गाड्या होत्या, फियाट आणि अँबेसेडर. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल त्या रंगाची घ्यायची. अँबेसेडरला १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल असे भडकले की टॅक्सीवाल्यांना गाडी दारात उभी ठेवणे स्वस्त वाटू लागले. डिझेल त्या मानाने बरेच स्वस्त, पण डिझेलची मोटार बाजारात कुठे होती? मग मिस्तरी लोकांनी तोड काढली. मॅटाडोरचे डिझेल इंजिन अँबेसेडरमध्ये बसवायचे!

हे काम मी गॅरेजात उभे राहून पाहिले आहे. इंजिनाचे जुने माउंटिंग कापायचे, नवे वेल्ड करायचे, रेडिएटर बदलायचा. डिझेल इंजिन वजनाला जड, त्यामुळे पुढचा भाग खाली बसे आणि टॉर्शन बार आवळून तो वर घ्यावा लागे. स्टीअरिंग जड होई. गाडी उभी असताना काचा अशा थडथडत की मागे बसलेल्याचा चष्मा नाकावरून घसरे. ब्रेक मात्र जुनेच राहत, आणि हे मला तेव्हाही पटले नव्हते. तरी उज्जैन-ओंकारेश्वरच्या भाड्यावर महिन्याकाठी जे पैसे वाचत, त्यात मुलांच्या फिया निघत.

गंमत अशी की मिस्तरींनी जे केले ते कंपन्यांनी मागाहून केले. १९८० च्या आसपास हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच डिझेल अँबेसेडर काढली. पुढे १९९० च्या दशकात तिच्यात इसुझूचे पेट्रोल इंजिन आले, आणि कंपनीचा इंजिनांचा कारखाना होता आपल्या पीथमपूरला! फियाटचे (म्हणजे पद्मिनीचे) स्टीअरिंगजवळचे गिअर लोक खाली जमिनीवर आणून घेत. कंपनीनेही शेवटी शेवटी तेच दिले.

आता बँकेचा भाग. गाडीवर कर्ज दिले की आरसीत बँकेच्या नावाची हायपोथिकेशनची नोंद होते, फॉर्म ३४. कर्ज फिटले की फॉर्म ३५. तपासणीला गेलो की चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला नंबर फायलीला लावायचा. त्या दोन नंबरांवर, चेसिस आणि इंजिन, आमचे सगळे कर्ज उभे.

आमच्याकडे दोन टॅक्सीवाले कर्जदार होते. दोघांनीही डिझेल इंजिन बसवले, मिस्तरीही एकच. एकाने आरटीओत कळवून मंजुरी घेतली आणि आरसीवर नवा नंबर, नवे इंधन चढवून घेतले. दुसऱ्याने ‘करू निवांत’ म्हणून सोडून दिले. पुढे देवासच्या रस्त्यावर ट्रकने त्याच्या गाडीचा चुराडा केला. सर्व्हेअरने बॉनेट उघडले, तर कागदावर पेट्रोल आणि आत डिझेल. क्लेम अडकला तो अडकलाच. माणूस सज्जन, त्याने भंगारात गेलेल्या गाडीचे हप्ते दोन वर्षे भरले. शेवटचा हप्ता भरायला त्याची बायको आली होती, हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या. मी पावती दिली, काही बोलायला सुचले नाही.

कायदा तेव्हाही होता. १९३९ च्या मोटार कायद्यातही बदलाला आरटीओची मंजुरी लागे. १९८८ चा कायदा आला, त्याच्या कलम ५२ ला २००० साली घट्ट केले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालणार नाही. सीएनजीसारख्या मंजूर किटना मुभा आहे.

हे सगळे लिहिण्याचे निमित्त म्हणजे ताईच्या घरची अँबेसेडर, १९६९ ची. भाऊजींनी १९७८ साली तिच्यात डिझेल घातले, रीतसर नोंद करून. भाऊजी गेले. आता एक भाचा म्हणतो, “मामा, जुनं पेट्रोल इंजिन शोधून बसवू या, व्हिंटेजमध्ये टाकू.” धाकटा म्हणतो, “बाबांची गाडी डिझेलचीच होती, हात लावायचा नाही.” दोघांत बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे.

२०२१ चा व्हिंटेज नियम मी वाचला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा फेरफार नको, वीस हजार फी, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर. मग ती गाडी रोज चालवायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. थोरल्याला मी विचारले, मूळ इंजिन तर भंगारात गेले, तू आणणार ते दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे. नंबर जुळणार नाही, मग त्याला मूळ कसे म्हणायचे? ज्यांच्याकडे पहिले इंजिन अजून जागेवर आहे त्यांनी त्याला पाना लावू नये, हे माझे ठाम मत. पण जी गाडी एकवीस वर्षे डिझेलवर पंढरपूर, नाशिक आणि मुलीच्या सासरी महूपर्यंत पळाली, तिच्यातून ते इंजिन काढायला माझा हात धजणार नाही. व्हिंटेजचा नंबर मिळणार नाही, न मिळो. पाच-पाच वर्षांनी साधे नूतनीकरण करून ती रामबागेतून राजवाड्यापर्यंत येऊ शकते. थोरला अजून तयार नाही. दिवाळीत दोघेही येणार आहेत, तेव्हा पुन्हा बसू.

मंडळी, तुमच्या घरी मॅटाडोर इंजिनाची अँबेसेडर किंवा खाली गिअर आणलेली फियाट असेल, तर फोटो जरूर टाका. आणि आरसी बुकाचे ते पान सापडले, ज्यावर बदलाची नोंद आणि आरटीओचा शिक्का आहे, तर त्याचाही. फक्त नंबर झाकून टाका.