गाडी दोन लाखांच्या पुढे गेली? टायमिंग चेनचा आवाज एकदा ऐकाच

तुलसी नगर, भोपाळ : थंडीतल्या सकाळी इथल्या सरकारी क्वार्टर्सच्या ओळींमधून चालत गेलं की गाड्या सुरू होण्याचे आवाज कानावर येतात. एखादी दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी स्टार्ट होते आणि पहिले दोन-तीन सेकंद बोनेटखालून डब्यात साखळी हलवल्यासारखा खडखडाट येतो. मग आवाज बंद. मालक म्हणतो, "डिझेल आहे, थंडीत करतेच." बरेचदा तो आवाज डिझेलचा नसतो, टायमिंग चेनचा असतो.

ही माहिती इथून लिहायला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले कर्मचारी बिऱ्हाडासह इकडे आले. त्यामुळे या भागातल्या मराठी घरांचं एक पाऊल अजूनही नागपुरात असतं. लग्न, बारसं, दवाखाना, काहीही असो, गाडी काढायची आणि बरेठा घाट, बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सावनेर करत साडेतीनशे किलोमीटर जायचं. गाड्या मोडीत काढण्याऐवजी चालवत राहण्याची सवय आणि जुनी गाडी विकत घेण्याची पद्धत, दोन्ही इथे आहेत. चेनने मधेच दगा दिला तर तो घाटात किंवा रात्री, म्हणजे मेकॅनिक नसेल तिथेच देणार.

चेन करते काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्याला पिस्टन जोडलेले. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायलाच हवा. हा हिशेब सांभाळणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. हिशेब चुकला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात, कधी पिस्टनला भोकही पडतं.

चेन "लांबते" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिचं भोक झिजतं. एका सांध्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला तर कळतही नाही, पण शंभर सांधे मिळून चेन एक मिलिमीटरने लांब झालेली असते. कॉमर्सच्या पोराला हे लगेच कळावं, कारण बी.कॉम.ला शिकलेला "घसारा" हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. फरक एवढाच की घसारा आपण दरवर्षी वहीत लिहितो आणि चेनचा घसारा कुणीच लिहीत नाही.

फेऱ्यांचा अंदाज घ्या. ताशी ८० च्या वेगाला इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर किलोमीटरला १,५०० होतात. दोन लाख किलोमीटरला ३० कोटी. मीटर फक्त किलोमीटर दाखवतो, तास नाही. एसी लावून एक तास उभी ठेवलेली गाडी मिनिटाला ८०० ने धरली तरी ४८,००० फेरे घेते, म्हणजे याच हिशेबाने ३२ किलोमीटर. टॅक्सीत चाललेल्या गाडीचा मीटर म्हणूनच अर्धंच सांगतो.

सगळा खेळ तेलाचा

चेन रबरी बेल्टसारखी कोरडी चालत नाही, इंजिन ऑइलमध्ये भिजून चालते. शिवाय तिला ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत तेलाच्याच दाबावर काम करतो. रात्रभरात तेल खाली उतरतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत ढिली चेन गाइडवर आपटते आणि तो खडखडाट होतो. चेन नवी असताना टेन्शनर एवढी ढील सहज झाकतो. झीज वाढली की त्याची हद्द संपते.

डिझेल इंजिनात आणखी एक भानगड आहे. ज्वलनातली काजळी तेलात मिसळते आणि पिनांवर बारीक पॉलिश पेपरसारखी घासत राहते. काळं पडलेलं तेल "चालतंय अजून" म्हणून महिने काढले की ती झीज वेगाने वाढते. तुलसी नगरहून वल्लभ भवनला दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचं तेल तर धड तापतही नाही, त्यात इंधन आणि ओलावा साचतो. अशा गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण तेल वर्ष संपलं की बदलायचंच.

कंपनीची मुदत साधारण १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. दोन लाखांच्या पुढच्या डिझेलला माझ्या मते ७,००० ते ७,५०० वरच तेल आणि फिल्टर बदलावा. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच. "जुनं इंजिन आहे, जाड तेल टाकू" हा सल्ला गावोगावी मिळतो. जाड तेल थंडीत टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं, आवाज वाढतो. पेट्रोल गाड्यांच्या डबा-फिल्टरमध्ये तेल उलटं उतरू न देणारी झडप असते, नकली फिल्टरमध्ये तीच धड नसते. आणि डिझेल ओतून इंजिन "धुणं" टाळा. सुटलेला गाळ तेलाच्या जाळीत अडकला की पंपच उपाशी राहतो.

कुठल्या गाडीत चेन, कुठल्यात बेल्ट?

इथे गोंधळ फार आहे. मारुती ८००, अल्टो ८००, जुनी सँट्रो, टाटाची १.४ डिझेल इंडिका, जुनी २.५ इनोव्हा यांच्यात बेल्ट. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच, आवाजाची वाट पाहायची नाही. अल्टो के१०, के-सीरिज इंजिनाच्या वॅगन आर आणि स्विफ्ट, कप्पा इंजिनाची आय१०, २.४ ची इनोव्हा क्रिस्टा यांच्यात चेन.

आपल्या भागात सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलचा. १,२४८ सीसीचं हे एकच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. मानेसरला बनलं आणि आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावलाही. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा भारतात ते बंद झालं, त्यामुळे रस्त्यावरचं सगळ्यात नवं मल्टिजेटही आता जुनंच म्हणायचं. इंजिन दणकट आहे, पण चेन एकेरी आणि तेल जेमतेम तीन लिटर. तेल थोडं कमी झालं तरी चेनला जाणवतं. महिन्यातून दोनदा डिपस्टिक काढून बघायला पैसे लागत नाहीत.

महागड्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, हात घालायचा तर मोठी उतरवाउतरव. अमेरिकेत फोक्सवॅगनला चेन-टेन्शनरच्या दाव्यात २०१८ मध्ये ग्राहकांशी तडजोड करावी लागली.

ओळखायचं कसं?

सकाळी पहिल्या स्टार्टला, बोनेट उघडून, चेनच्या बाजूला कान द्या. एक-दोन सेकंदांचा आवाज ही सूचना समजा. पाच सेकंदांच्या पुढे किंवा गरम इंजिनातही आयडलवर आवाज राहिला तर गाडी लांब नेऊ नका. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून आणि टोक चेन कव्हरवर टेकवून जुने मिस्त्री ऐकतात, ती पद्धत आजही चालते. टॅपेट आणि बाहेरच्या बेल्टचे आवाज वेगळे काढता येतात. स्कॅनरवर पी ००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ. सेन्सर किंवा वायरिंगमुळेही तो येतो, म्हणून थेट चेन बदलायला होकार देऊ नका, आधी तपासायला सांगा. ओढ कमी होणं, स्टार्टिंगला वेळ लागणं, काढलेल्या तेलात चमकी दिसणं, हे त्याच्या जोडीने येतं.

जुनी गाडी घेताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा: आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही विकल्या जातात. नंबर एमपी ०४ असो की एमएच ३१, मीटरवर विसंबू नका, सर्व्हिसची बिलं मागा. बिलं नसतील आणि मल्टिजेट दोन लाखांवर असेल, तर चेन किटचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

बदलायची वेळ आली तर

फक्त चेन बदलू नका. टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट, पुढचं ऑइल सील, सगळं एकत्र. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर झिजते. किटपेक्षा मजुरीच जड असते, म्हणून अर्धं काम पुढे दुप्पट पडतं. मेकॅनिककडे त्या इंजिनाचं टायमिंग लॉक टूल आहे का, हे आधी विचारा. खडूच्या खुणांवर काम करणारा असेल तर दुसरा शोधा. बसवल्यावर चावी मारण्याआधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवून बघायच्या असतात. तिथे उभं राहा आणि बघा. जुने भाग परत मागा. बिलात प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या, गाडी विकताना तेच कामी येतं.

आवाज करणारी गाडी बॅटरी उतरली म्हणून धक्का मारून सुरू करू नका, जंपर केबल लावा. आणि चालता-चालता खाडकन आवाज होऊन बंद पडली, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. दात सुटलेला असला तर पहिल्या झटक्यात वाचलेले व्हॉल्व्ह दुसऱ्यात जातात. गाडी टो करूनच न्या.