अमेरिकेतील यादवी युद्ध आणि बॅप्टिस्ट मंडळी

मराठीच्या अभ्यासकास बॅप्टिस्ट पंथ अपरिचित नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) याच पंथाच्या श्रीरामपूर येथील केंद्रातून प्रसिद्ध झाले. श्रद्धा कबूल केलेल्यांनाच पाण्यात बुडवून दिला जाणारा बाप्तिस्मा आणि प्रत्येक स्थानिक मंडळीचे स्वयंशासन, ही या पंथाची दोन प्रमुख लक्षणे होत. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) यांपैकी दुसऱ्या तत्त्वाची कसोटी लागली.

गुलामांच्या मालकांस धर्मप्रचारक नेमावे की नाही, या वादातून दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी १८४५ साली ऑगस्टा येथे आपली स्वतंत्र संघटना स्थापिली. युद्धकाळात ग्रीनव्हिल येथील त्यांचे धर्मविद्यालय १८६२ मध्ये बंद पडले. तेथील अध्यापक जॉन ब्रॉडस यांनी १८६३ साली सेनापती ली यांच्या छावण्यांतून प्रवचने केली. मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्या सैनिकांत धर्मजागृतीची लाट उसळली आणि छावणीलगतच्या ओढ्यानद्यांत बाप्तिस्मे होऊ लागले.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू अधिक विचारार्ह आहे. रिचमंड येथे १८४१ पासून कृष्णवर्णीयांची स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळी होती. तिच्या सभासदांत गुलामांचा भरणा मोठा होता. परंतु व्हर्जिनियाच्या कायद्याने कृष्णवर्णीयास प्रवचनाची बंदी असल्याने रॉबर्ट रायलंड हे गौरवर्णीय गृहस्थ तिचे पाळक होते. मंडळीचा दैनंदिन कारभार व सभासदांची शिस्त मात्र बव्हंशी तिचे कृष्णवर्णीय सेवकच पाहत. मालकांच्या देखरेखीखालीही स्वयंशासनाचा हा अभ्यास चालू होता. १८६५ साली रायलंड निवृत्त झाले आणि १८६७ साली गुलामगिरीत जन्मलेले जेम्स होम्स पाळक झाले.

या अभ्यासाचे राजकीय फलित सव्हाना येथे दिसते. १२ जानेवारी १८६५ रोजी सेनापती शर्मन व युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मपुढाऱ्यांस पाचारण केले. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझर हे बॅप्टिस्ट उपदेशक होते. त्यांनी एक हजार डॉलर देऊन स्वतःची व पत्नीची मुक्तता विकत घेतली होती. दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीवाचून घेणे म्हणजे दास्य, आणि आपल्या श्रमाचे फळ आपणास मिळणे म्हणजे स्वातंत्र्य, असा अर्थ सांगून त्यांनी जमिनीची मागणी केली. चार दिवसांनी शर्मन यांनी किनारपट्टीतील जमिनी मुक्त दासांसाठी राखून ठेवल्या. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी हा निर्णय फिरविला.

जमीन गेली, मंडळ्या टिकल्या. गौरवर्णीयांच्या मंडळ्यांतून बाहेर पडून मुक्त दासांनी आपल्या मंडळ्या उभारल्या. मालकांनी ज्या स्वयंशासनाच्या आधारे १८४५ साली फारकत घेतली, त्याच तत्त्वाने वीस वर्षांनी त्यांच्या दासांना मालकांपासून वेगळे होण्याचा अधिकार दिला. म्हणून यादवी युद्धकालीन बॅप्टिस्ट धर्मजीवनाचा विचार केवळ छावण्यांतील जागृतीवरून करणे अपुरे ठरेल.