जुलाह्याचं गाव

जालन्याच्या बाजारातून पाहुणे मोसंबी नेतात, कापड नेतात. ‘सदर बाजार’ हे नाव इंग्रजांच्या छावणीची खूण. गावाच्या नावाची कथा त्याहून जुनी. हे पूर्वी सीतामाईचं जनकपूर होतं. पुढे एका श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेने ‘जालना’ झालं. तो पेशाने विणकर, गावावर त्याचे मोठे उपकार, असं परंपरा सांगते. फारसीत विणकराला ‘जुलाह’ म्हणतात. व्युत्पत्ती कच्ची असेलही. पण गावाने ती नाकारली नाही. ‘जालना सोने का पालना’ म्हणताना आपली छाती फुगते, आणि सोयरीक जुळवताना मात्र ‘जुलाहा’ म्हणत आपणच नाक मुरडतो. अबुल फजल इथे राहिला होता, हे आपण आवर्जून सांगतो. त्या विणकराचं नाव कथेतही उरलेलं नाही.