शिरेची तार: रावणहत्थ्याची कुळकथा

रावण हे काही त्याचे बारशाचे नाव नव्हे. विश्रवा ऋषीच्या या मुलाचे मूळ नाव दशग्रीव, म्हणजे दहा मानांचा. पुढचे नाव त्याला एका आरोळीवरून पडले आणि ती गोष्ट वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात आहे. कुबेराचे पुष्पक विमान हिसकावून दशग्रीव निघाला, तो कैलासापाशी अडला. वर शिवपार्वती आहेत, मागे फीर, असे नंदीने सांगितले. नंदीचे तोंड वानरासारखे, म्हणून हा त्याला हसला आणि रागाच्या भरात डोंगरच उपटू लागला. शिवाने पायाचा अंगठा जरा दाबला. डोंगराखाली हात चेंगरले आणि दशग्रीव असा ओरडला की तिन्ही लोक हादरले. 'रव' करून जगाला रडवणारा तो रावण. नाव ठेवले खुद्द शिवाने.

मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट पोथीत शोधायला नको. वेरूळच्या कैलास लेण्याच्या दक्षिण अंगाला ती आठव्या शतकापासून दगडात उभी आहे. वर भेदरलेली पार्वती शिवाला बिलगते आहे, एक दासी पळत सुटली आहे, शिव मात्र निवांत. खाली रावण, भिंतीपासून जवळजवळ सुटा कोरलेला, वीस हातांनी जोर लावणारा. शिल्पकाराने नेमका आरोळीच्या आधीचा क्षण पकडला. आवाज दगडात कोरता येत नाही हे त्याला ठाऊक असणार.

उत्तरकांडात त्यापुढे जे घडते ते मला आरोळीपेक्षा महत्त्वाचे वाटते. मंत्री म्हणतात, आता शिवाला शरण जा, त्याची स्तुती कर. मग तो रडत रडत सामगायन करतो, हजार वर्षे. शिव प्रसन्न होतात, हात सोडवतात आणि वर चंद्रहास नावाची तलवारही देतात. ज्या गळ्यातून आरोळी निघाली त्याच गळ्यातून साम निघाले.

अमेरिकेतल्या कॉमिकवाल्यांना हाच साचा विसाव्या शतकात सापडला. मार्व्हलची 'स्क्रीमिंग मिमी' 1979 साली आली ती खलनायिका म्हणून: कुस्तीच्या आखाड्यातली बाई, किंचाळून समोरच्याला भोवळ आणणारी. जोडीदाराच्या मृत्यूवेळी ती इतकी किंचाळली की आवाजच गेला. मग गळ्याला यंत्राची जोड मिळाली आणि 1997 मध्ये ती 'साँगबर्ड' होऊन नायकांच्या पंगतीत बसली. तेही आधी सोंग म्हणून, कारण तिची टोळी नायकांचा वेश घेऊन जगाला फसवत होती. ती मात्र त्या वेशात खरोखरच रमली. वेदनेची किंकाळी आणि मग गाणे, हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. फरक एवढाच की साँगबर्ड सुधारली. रावण सुधारला नाही. मिळालेली तलवार घेऊन तो पुढे निघाला आणि सीतेपर्यंत पोचला.

जैन कवींना हा शेवट सोसवला नसावा. विमलसूरीचे 'पउमचरिय' हे रामकथेचे सर्वांत जुने जैन काव्य, आणि तेही महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत. तिथे डोंगर दाबणारा शिव नाही, तपाला बसलेला वाली मुनी आहे. आरोळी तीच, नावही तसेच पडलेले. मात्र त्यानंतर रावण जिनांपुढे गायला बसतो आणि आपल्या दंडातली शीर उपसून तिचीच तार करतो. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ही कथा पुन्हा सांगितली. तिच्यात कितीतरी जन्मांनंतर हा रावण तीर्थंकर होणार आहे आणि त्या वेळी सीता त्याची गणधर, म्हणजे पट्टशिष्य, असेल. खलनायकाला याहून वरची बढती मी तरी कुठल्या कॉमिकात पाहिलेली नाही.

आता तारेकडून कापलेल्या शिरांकडे, म्हणजे परळीला. बीड जिल्ह्यातल्या या वैजनाथाची रावणाशी गाठ घालणारी कथा शिवपुराणातली. रावण शिवापुढे एकेक शिर कापून वाहत गेला. नऊ झाली. दहाव्याला हात घालताच शिव प्रकटले आणि त्यांनी वैद्यासारखी सगळी शिरे जोडून दिली, म्हणून हा वैद्यनाथ. मग लिंग लंकेला न्यायची परवानगी मिळाली, पण अट अशी की वाटेत जमिनीवर टेकवायचे नाही. लघुशंकेची वेळ आली, रावणाने लिंग एका गुराख्याच्या हाती दिले, त्याला भार पेलवेना आणि लिंग तिथेच बसले. हे 'तिथेच' म्हणजे आमची परळी, असे परळीकर म्हणतात. झारखंडातल्या देवघरचे लोक त्यांचे गाव सांगतात. गोकर्णालाही जवळपास हीच कथा आहे, तिथे गुराखी गणपती असतो. या भांडणात मी पडत नाही. परळीत अमृत आणि धन्वंतरी लिंगात दडवल्याची दुसरी कथाही चालते आणि ती ऐकणाऱ्याला रावण लागतच नाही.

तार आणि शिरे या दोन गोष्टी लोकांनी पुढे एकत्र बांधल्या. रावणाने आपले एक डोके भोपळा म्हणून घेतले, हाताची दांडी केली, शिरांच्या तारा ओढल्या. त्याचे वाद्य झाले, ते रावणहस्त, रावणहत्था. शास्त्रकारांनीही रावणाला संगीतातून हाकलले नाही. देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. सुरुवातीला त्याने आपल्या आधीच्या संगीताचार्यांची नावे दिली आहेत. त्यात आंजनेय, म्हणजे हनुमान, येतो, मग मातृगुप्त, आणि लगेच रावण. लंका जाळणारा आणि लंकेचा राजा यांच्यामध्ये फक्त एक पंडित बसलेला! युद्धकांड कोळून प्यालेल्या श्रोत्यांपुढे ही यादी कुणी वाचून दाखवली असती तर काय झाले असते कोण जाणे. पण दरबारात ती खपली, कारण तिथे चारित्र्याचा दाखला कुणी मागत नव्हता. माणसाला दसऱ्याला जाळायचे आणि त्याचा सूर ठेवून घ्यायचा, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात तर जाळणेही नाही. तिथे दसऱ्याला रावणाच्या दगडी मूर्तीची पूजा होते.

युरोपाला या वाद्याची खबर अठराव्या शतकात प्रवाशांकडून लागली. पुढे फेतिस नावाच्या संगीतपंडिताने जाहीर करून टाकले की व्हायोलिनची मूळ आजी हीच, लंकेच्या राजाने हजारो वर्षांपूर्वी घडवलेली. ऐकून आपली छाती फुगते खरी, पण आजचे अभ्यासक हे मानत नाहीत. गज घासून वाजवायच्या वाद्यांचे पक्के पुरावे दहाव्या शतकाच्या सुमाराचे आणि मध्य आशियाकडचे आहेत. म्हणजे आधी वाद्य आले आणि मग त्याला शोभेसा बाप शोधला गेला. असा वेदनेतून सूर काढणारा बाप रावणाखेरीज दुसरा कुठे मिळाला असता?

वाद्य अगदी साधे. नारळाची करवंटी, तिच्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, बांबूची दांडी. मुख्य तारेला घोड्याचे केस, खाली आपोआप झंकारणाऱ्या धातूच्या तारा. गजाला घुंगरे बांधलेली असतात, त्यामुळे गज ओढताना सूर आणि ठेका एकाच हातून निघतात आणि ताल धरायला दुसरा माणूस लागत नाही. याच घराण्यातली वाटावी अशी किंगरी आपल्याकडे आहे. आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांचे ठाणे. त्या नाथपंथातले डवरी गोसावी किंगरी घेऊन दारोदार हिंडत. राज्य सोडणाऱ्या गोपीचंदाचे आणि भर्तरीचे वैराग्य त्यांनी तिच्यावर गायले.

रावणाचे नाव मिरवते ते राजस्थानातले वाद्य. तिथले भोपे, म्हणजे पुजारी-गायक, रात्रभर पाबूजीची फड गातात: मागे चित्रांचा लांब पडदा, भोपी हातातला दिवा चित्रावर धरते, भोपा वाजवतो. पाबूजी हा तिथला लोकदेव लक्ष्मणाचा अवतार मानला जातो. पुतणीच्या लग्नात तो उंट देण्याचे कबूल करतो आणि ते आणायला थेट रावणाच्या लंकेवर चाल करून जातो. लंकेच्या या लुटीचे गाणे भोपा रावणहत्थ्यावरच वाजवतो.